आराधनेच्या सायंकाळी कलेची जागा कोणती? एका धर्मग्रामातील प्रकरण

पवित्र साक्रामेंत, म्हणजे जिच्यात ख्रिस्त स्वतः उपस्थित आहे असे आम्ही मानतो ती भाकर, आराधनेसाठी वेदीवर दर्शनास ठेवलेले असताना आमच्या सहा तरुणांनी त्याच्या पुढ्यात, त्याच्याकडे पाठ करून, मूकनाट्य सादर केले आणि ते संपताच चर्चमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. या प्रकरणाची सुरुवात त्या टाळ्यांपासून करणे योग्य ठरेल, कारण पुढे जे प्रश्न उभे राहिले ते सगळे त्या अर्ध्या मिनिटात साठलेले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. मूकनाट्य खरोखरच सुंदर झाले होते आणि मुलांनी त्यासाठी पाच आठवडे मेहनत घेतली होती. तरीही त्या क्षणी आम्ही सर्वांनी मिळून अतिशय मोलाचे काहीतरी नजरेआड केले, हे ध्यानात यायला आम्हाला दोन दिवस लागले.

धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चभोवतीच्या श्रद्धावंतांच्या समुदायाचे, नाव येथे देण्याची गरज नाही, कारण तिथली परिस्थिती कुठल्याही कॅथलिक धर्मग्रामात आढळावी अशीच होती. दृढीकरण संस्कार (बाप्तिस्मा झालेल्यांची श्रद्धा दृढ करणारा संस्कार) झाल्यावर दोन-तीन वर्षांत मुलेमुली चर्चमधून दिसेनाशी होत होती. रविवारच्या मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, येणारे काही जण मागच्या खांबापाशी उभे राहून जात. अशा वेळी सतरा ते अठ्ठावीस या वयोगटातील नऊ जण आपण होऊन फादरांकडे आले. त्यांच्यात गिटार आणि व्हायोलिन वाजवणारे होते, चित्रकलेचे शिक्षण घेणारा एक होता, नृत्य शिकलेली एक मुलगी होती, महाविद्यालयीन नाटकांत काम करणारे होते. त्यांचे म्हणणे साधे होते : आम्हाला जे येते ते आम्ही स्पर्धांमध्ये दाखवतो, मित्रांसमोर दाखवतो, मग ते देवापुढे का ठेवता येऊ नये? महिन्यातून एक सायंकाळ मिळावी, तीत प्रार्थना असावी आणि आमची कलाही असावी, एवढीच त्यांची मागणी होती.

फादरांनी होकार दिला आणि तरुणांना मदत करण्यासाठी आम्हा तीन प्रापंचिकांची (धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांची) निवड केली. आज मागे वळून पाहताना मला वाटते की पहिली चूक इथेच, कार्यक्रमाची एकही ओळ कागदावर उतरण्यापूर्वी, झाली. मुलांना आपली कला अर्पण करायची होती. आम्हा मोठ्यांना तिचा उपयोग करायचा होता. गाणे आणि नाटक ठेवले तर तरुण येतील, एकदा आले की त्यांना आराधनेत बसवता येईल, असा आमचा हिशेब होता, आणि तो आम्ही बैठकीत मोकळेपणाने बोलूनही दाखवला. कलेला आमिष मानले की आराधना आपोआप गळ ठरते, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही.

पहिल्या सायंकाळचा क्रम असा होता. सुरुवातीला वीस मिनिटे स्तुतिगीते झाली. वाद्यवृंद वेदीच्या पायऱ्यांवर मांडला होता, ध्वनिक्षेपक दोन्ही बाजूंना होते. त्यानंतर फादरांनी पवित्र साक्रामेंत वेदीवर ठेवले, धूप झाला, एक गीत झाले. मग सूत्रसंचालकाने मूकनाट्याची घोषणा केली. चर्चमधले दिवे मालवून रंगीत प्रकाशझोत वेदीच्या परिसरावर सोडण्यात आला. मूकनाट्यानंतर एका तरुणाने आपल्या आयुष्याची साक्ष दिली, ती ठरल्यापेक्षा बरीच लांबली. पुन्हा दोन गीते झाली. तोवर दोन तास होऊन गेले होते, त्यामुळे आशीर्वादाचा विधी घाईघाईत उरकावा लागला. शांतता किती होती, असे कोणी विचारले असते तर आम्हाला उत्तर देता आले नसते, कारण ती आम्ही ठेवलीच नव्हती.

चर्च भरले होते. बाहेर पडताना लोक अभिनंदन करत होते. पण पुढच्या दोन दिवसांत तीन जणांचे बोलणे आमच्यापर्यंत पोहोचले. रोज सकाळच्या मिस्साला येणाऱ्या एका आजींनी मूकनाट्यातल्या मुलाला रस्त्यात थांबवून म्हटले, "बाळा, छान केलंस रे. पण तू सगळा वेळ देवाकडे पाठ करून उभा होतास, ते मला बघवलं नाही." त्या रागावल्या नव्हत्या आणि म्हणूनच तो मुलगा फार अस्वस्थ झाला. दुसरे बोलणे गिटार वाजवणाऱ्याचे होते. तो म्हणाला की दोन तासांत आपण एक मिनिटही प्रार्थना केली नाही, पुढचे गीत कोणत्या सुरात आहे आणि तार उतरली तर काय करायचे हेच डोक्यात चालू होते. तिसरी एक मुलगी. बऱ्याच वर्षांनी ती चर्चमध्ये आली होती आणि साक्रामेंतापुढे थोडा वेळ गप्प बसावे, एवढीच तिची इच्छा होती. आवाज असह्य झाल्यावर ती बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. तिच्या मैत्रिणीने हे आम्हाला सांगितले तेव्हा भरलेल्या चर्चचा आनंद मावळला.

दुसऱ्या महिन्यात उपस्थिती निम्म्यावर आली. कार्यक्रम पाहायला आलेल्यांना पहिल्याहून भारी काहीतरी हवे होते, ते आम्हाला जमले नाही. प्रार्थनेसाठी आलेले पुन्हा फिरकले नाहीत. तिसरी सायंकाळ फादरांनी रद्द केली. उपक्रम बंद करायचा नाही, पण चार महिने थांबायचे, ख्रिस्तसभा या विषयावर काय सांगते ते सर्वांनी मिळून वाचायचे आणि मगच पुढचे बोलायचे, असे त्यांनी सांगितले. मुलांना ही शिक्षा वाटली. मलाही तेव्हा ती थोडी तशीच वाटली होती.

काय वाचले आणि त्यातून काय उमगले

वाचायला बसलो ते नियम शोधण्यासाठी, आणि आमची अपेक्षा अशी होती की कलेला मज्जाव करणारे काहीतरी हाती लागेल. हाती लागले ते वेगळेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी मान्य केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात पवित्र संगीतासाठी एक आणि पवित्र कलेसाठी एक अशी दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत, आणि ललित कलांची गणना मानवी प्रतिभेच्या सर्वांत उदात्त कार्यांत केलेली आहे. पोप पॉल सहावे यांनी ७ मे १९६४ रोजी सिस्टाइन चॅपेलमध्ये कलावंतांची भेट घेतली आणि ख्रिस्तसभा व कलावंत यांच्यातला दुरावलेला स्नेह पुन्हा जुळावा अशी इच्छा व्यक्त केली. पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी स्वतः नाट्यकलेत रमलेले होते. त्यांनी ४ एप्रिल १९९९ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, कलावंतांना उद्देशून पत्र लिहिले. पोप फ्रान्सिस यांचा तरुणांविषयीचा २०१९ सालचा दस्तऐवज आमच्या दृष्टीने सर्वांत बोलका ठरला. त्याच्या २२४व्या परिच्छेदात साक्रामेंताच्या आराधनेसाठी जमणाऱ्या तरुणांचा आणि त्यांना उमगलेल्या शांततेच्या मोलाचा उल्लेख आहे, आणि लगेच पुढे, २२६व्या परिच्छेदात, नाट्य, चित्रकला आणि विशेषतः संगीत यांचे महत्त्व सांगितले आहे. दोन्ही गोष्टी इतक्या जवळजवळ असूनही त्या दोन वेगळ्या परिच्छेदांत आहेत, याकडे आमच्यातल्या चित्रकाराने लक्ष वेधले. तो गंमत करत नव्हता. आमची पहिली सायंकाळ म्हणजे ते दोन परिच्छेद एकावर एक छापल्यासारखी होती, असे त्याचे म्हणणे होते.

मग नियमांकडे वळलो. मिस्साबाहेरील साक्रामेंत-उपासनेचा विधिग्रंथ २१ जून १९७३ रोजी प्रसिद्ध झाला. साक्रामेंत दर्शनासाठी ठेवलेले असताना प्रार्थना, गीते आणि वाचने अशी असावीत की श्रद्धावंतांचे लक्ष प्रभू ख्रिस्ताच्या उपासनेकडे लागेल, आणि काही काळ मौन राखावे, असे त्यात सांगितले आहे. केवळ आशीर्वाद देण्यापुरते साक्रामेंत बाहेर काढण्यास त्यात मनाई आहे. दर्शन अल्पकाळाचे असले तरी वाचन, गीत, प्रार्थना आणि मौन यांना त्यात पुरेसा वेळ मिळालाच पाहिजे. म्हणजे आम्ही जे उरकले ते उरकण्याजोगे नव्हतेच. १९८३ च्या धर्मसंहितेचा १२१०वा नियम पवित्र वास्तूत उपासना, भक्ती आणि धर्म यांना पोषक तेवढेच होऊ द्यावे असे सांगतो. एखाद्या वेगळ्या वापराला धर्माधिकारी त्या-त्या प्रसंगापुरती परवानगी देऊ शकतात, पण तो वापर त्या जागेच्या पावित्र्याशी विसंगत असता कामा नये.

५ नोव्हेंबर १९८७ रोजी रोमच्या दैवी उपासना मंडळाने चर्चमधील संगीतसभांविषयी एक पत्र काढले होते, त्यावर आमची बरीच चर्चा झाली. प्रवेश विनामूल्य आणि सर्वांना खुला असावा, वादकांनी व गायकांनी वेदीच्या परिसरात बसू नये, वेदी, मुख्य याजकाचे आसन आणि वाचनपीठ यांचा पूर्ण मान राखावा, शक्य असेल तर पवित्र साक्रामेंत बाजूच्या चॅपेलमध्ये ठेवावे, आणि संगीताची ओळख करून देताना तांत्रिक माहितीपुरते न थांबता ऐकणाऱ्याला अंतःकरणाने सहभागी होता यावे असे बोलावे, या त्यातल्या सूचना. ते पत्र मुख्यतः संगीतसभांसाठी आहे आणि आमची सायंकाळ संगीतसभा नव्हती, असा आक्षेप आमच्यातल्याच एकाने घेतला. आक्षेप बरोबर होता. पण त्यानंतर व्हायोलिन वाजवणारी मुलगी म्हणाली, "संगीतसभेलाही जिथे बसायला नको सांगितलंय, तिथे आपण आराधनेच्या वेळी बसलो होतो." यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. जागेविषयीचा आमचा वाद त्या दिवशी मिटला.

संत फिलिप नेरी यांचे उदाहरण फादरांनी काढले, आणि मला वाटते की त्यानेच मुलांना नियमांच्या पलीकडे नेले. सोळाव्या शतकातल्या रोममध्ये, सान जिरोलामो देल्ला कारिता या चर्चपाशी, फिलिप नेरी तरुणांना आणि सामान्य प्रापंचिकांना जमवत. तिथे वाचन होई, त्यावर साध्या भाषेत बोलणे होई, प्रार्थना होई आणि लोकभाषेतील भक्तिगीते गायली जात. गर्दी वाढली तेव्हा चर्चच्या वरच्या माळ्यावर प्रार्थनागृह तयार करण्यात आले. अशा प्रार्थनागृहाला ओरातोरिओ म्हणतात, आणि पुढे ज्या संगीतप्रकाराला ऑरेटोरिओ हे नाव मिळाले ते तिथूनच आले. व्हॅटिकनच्या जूलिया गायनवृंदाचे प्रमुख जोव्हान्नी आनिमुच्चा यांनी या मेळाव्यांसाठी गीते रचली आणि त्यांचा पहिला संग्रह १५६३ मध्ये निघाला. १५७५ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी फिलिप नेरींच्या संघाला मान्यता दिली. आमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की तिथे संगीताला स्वतःची हक्काची जागा होती. बोलण्यानंतर मनाला विसावा द्यावा आणि प्रार्थनेकडे वळवावे, हे त्याचे काम होते. ते पाहुण्यांना भुलवण्यासाठी दारात उभे केलेले नव्हते. ज्या माणसाच्या आनंदी स्वभावाच्या आठवणी रोममध्ये आजही सांगितल्या जातात त्याने शिस्त आणि उल्हास यांची फारकत होऊ दिली नाही, हे मुलांना फार भावले.

आणखी एक, अगदी अलीकडचे उदाहरण आम्ही पाहिले. २००५ साली कोलोन येथे जागतिक युवा दिन झाला आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या बॉन शहरात नाइटफीवर हा उपक्रम सुरू झाला. रात्री चर्चची दारे उघडी ठेवायची, आत साक्रामेंताची आराधना आणि मंद गायन चालू ठेवायचे, रस्त्यावरून जाणाऱ्यांना आत येऊन एक मेणबत्ती लावण्याचे निमंत्रण द्यायचे आणि प्रायश्चित्त संस्कारासाठी, म्हणजे पापांची कबुली ऐकण्यासाठी, धर्मगुरू उपलब्ध ठेवायचे, एवढाच त्याचा साधा आराखडा. तिथे कोणी काही सादर करत नाही. तो आराखडा जसाच्या तसा उचलावा, असे आम्हा मोठ्यांपैकी एकाचे मत पडले. पण तसे केले असते तर आपली कला देवापुढे ठेवू पाहणाऱ्या नऊ जणांना आम्ही कायमचे गप्प बसवले असते. त्यांचा मूळ प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर देणे आमच्यावर बंधनकारक होते.

नव्या आराखड्याची घडण

उत्तर लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात सापडले. येशूच्या मृत्यूनंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य निराश मनाने चालले आहेत. अनोळखी सोबती, जो खरे तर पुनरुत्थित येशू आहे, त्यांना शास्त्रलेख उलगडून सांगतो, त्यांचे अंतःकरण पेटते, पण ओळख पटत नाही. ती भाकर मोडताना पटते, आणि पटताक्षणी तो त्यांच्या दृष्टीआड होतो. आम्ही सायंकाळची रचना या प्रसंगाच्या पावलांवर केली : आधी वाट, मग शब्द, मग भाकर. कला वाटेवर आणि शब्दाच्या सोबतीला असेल; भाकरीपाशी पोहोचल्यावर ती हातातले सगळे खाली ठेवील आणि इतरांसारखीच गुडघे टेकील.

हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात एकेका कलेविषयी स्वतंत्र निर्णय घ्यावा लागला आणि नृत्याविषयीचा निर्णय सर्वांत अवघड होता. आराधनेत नृत्य नसेल असे ठरले तेव्हा ती मुलगी सरळ म्हणाली, "म्हणजे माझं नृत्य देवाला चालत नाही, असंच ना?" तिला घाईने समजावणे अन्यायाचे झाले असते. फादरांनी तिच्याबरोबर बसून या विषयावरचे लिखाण वाचले. दैवी उपासना मंडळाच्या नियतकालिकात १९७५ साली या प्रश्नावर एक लेख आला होता. नृत्य हे काही समाजांत उपासनेचे अंग आहे, तर पाश्चात्त्य समाजांत ते प्रेमाशी, करमणुकीशी जोडले गेले आहे, म्हणून तिथे ते उपासनेत आणू नये. मात्र उपासनेबाहेर, उपासनेची नसलेल्या जागी, त्याला स्थान असू शकते, असा त्याचा रोख होता. म्हणजे प्रश्न देवाला काय चालते हा नाही. पाहणाऱ्याची नजर कुठे जाते हा आहे. हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती. आठवडाभराने तिने स्वतःच एक रचना आणली. सभागृहात, चर्चमध्ये शिरण्याआधी, ती आणि तिची एक मैत्रीण अम्माऊसला निघालेल्या दोन शिष्यांची चाल फक्त पावलांनी आणि खांद्यांनी दाखवणार होत्या. शेवटी त्या थांबणार नव्हत्या, तशाच चालत चर्चच्या दारातून आत जाऊन लोकांत बसणार होत्या, आणि प्रेक्षक त्यांच्या मागोमाग आत येणार होते. ज्या एका निर्णयाने ती आम्हाला सोडून जाईल अशी भीती होती त्यातूनच संपूर्ण सायंकाळची सर्वांत उत्तम कल्पना निघाली. टाळ्या वाजवायला त्या रचनेला शेवटच नव्हता.

टाळ्यांचा प्रश्न आम्हाला याच वाटेने सुटला. "कृपया टाळ्या वाजवू नयेत" अशी सूचना देऊन पाहिली असती तर वातावरण शाळेसारखे झाले असते. माणूस टाळी वाजवतो ती काहीतरी संपल्याची खूण म्हणून. म्हणून कोणतीही कृती ठळकपणे संपणार नाही अशी काळजी घेतली : वाचनाच्या शेवटच्या वाक्यावर व्हायोलिनचा सूर सुरू होतो, सुरावर गीत येते, गीताचे शेवटचे कडवे सगळे मिळून म्हणतात. सूत्रसंचालक काढून टाकला. कोणाचेही नाव चर्चमध्ये पुकारले जात नाही. चित्रांखालची, गायकांची, वाचकांची नावे सभागृहात एका फलकावर असतात.

चित्रकाराचा प्रस्ताव आराधनेच्या वेळी सर्वांसमोर चित्र रंगवण्याचा होता. तो नाकारला, कारण कुंचला हलला की डोळे त्याच्या मागे जातात आणि चित्र कधी पूर्ण होते याची वाट पाहू लागतात. त्याऐवजी शब्दाच्या भागात एका चित्रापुढे दहा मिनिटे बसायचे ठरले. काराव्हाज्जोचे अम्माऊसच्या भोजनाचे १६०१ सालचे चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याची मोठी प्रत मिळवली. चित्रकाराने तीनच गोष्टींकडे लक्ष वेधायचे होते. एक, ख्रिस्ताला दाढी नाही, म्हणून तो आपल्यालाही चटकन ओळखू येत नाही. दोन, दोन्ही शिष्य हादरून गेले आहेत, पण शेजारी उभ्या असलेल्या खानावळवाल्याला काहीच उमगलेले नाही. त्याने डोक्यावरची टोपीही काढलेली नाही. तीन, टेबलाची आपल्याकडची बाजू रिकामी आहे. यापुढे बोलायचे नाही. चित्रकलेचा इतिहास सांगण्याचा मोह त्याला फार होता, आणि तो त्याने आवरला याचे मला आजही कौतुक वाटते.

वादकांसाठी दोन नियम झाले. सराव सुरू करण्यापूर्वी पंधरा मिनिटे सर्वांनी टॅबरनॅकलपुढे (साक्रामेंत ठेवण्याच्या पेटीपुढे) बसायचे, वाद्ये बाहेर ठेवून. आणि वादकांचे दोन गट करायचे : एकाने शब्दाच्या भागात वाजवायचे, दुसऱ्याने आराधनेत मोजकी साथ करायची, पुढच्या महिन्यात अदलाबदल. त्यामुळे प्रत्येकाला दर महिन्याला सायंकाळचा एक तरी भाग मोकळ्या हातांनी मिळतो. हा दुसरा नियम गिटार वाजवणाऱ्याने सुचवला.

बाकीच्या गोष्टी लवकर ठरल्या. प्रवेश मोफत. चित्राचा पडदा वेदीपासून दूर, बाजूच्या भिंतीवर. प्रायश्चित्त संस्काराच्या जागा अशा की बोलणे ऐकू येणार नाही पण व्यक्ती दिसतील. अल्पवयीन मुले असल्याने प्रत्येक भागात किमान दोन जबाबदार प्रौढ.

सायंकाळ कशी पार पडली

पहिला भाग सभागृहात वीस-पंचवीस मिनिटांचा. भिंतींवर तरुणांची चित्रे, लोक बोलत, फिरत, थांबत असतात. शेवटी त्या दोघींची चाल आणि त्यांच्या मागे सर्वांचा चर्चमध्ये प्रवेश. दुसरा भाग अर्ध्या तासाचा. साक्रामेंत बाजूच्या चॅपेलमध्ये असते, वेदीचा परिसर पूर्ण मोकळा. लूकचा चोविसावा अध्याय तीन आवाजांत वाचला जातो, मग चित्र, मग एक गीत. त्यानंतर वादक वाद्ये खाली ठेवतात, पडदा गुंडाळला जातो आणि दिवे मंद होतात. हे सर्व लोकांच्या डोळ्यांदेखत, घाई न करता होते. फादर साक्रामेंत चॅपेलमधून आणतात, पुढे दोन मेणबत्त्या आणि धूपदान असते. तिसरा भाग चाळीस मिनिटांचा, त्यात गीते मोजकी, एक स्तोत्र, फादरांचे चार शब्द, आणि उरलेला वेळ मौन. शेवटी संत थॉमस अक्विनास यांच्या लॅटिन स्तोत्राची तान्तुम एर्गो ही दोन कडवी आणि साक्रामेंताचा आशीर्वाद. मुलांना ती लॅटिन कडवी जड जातील असे आम्हाला वाटले होते. तीच त्यांनी सर्वांत आधी पाठ केली.

मौनाची लांबी आम्ही बेताने वाढवली. पहिल्या वेळी सलग चार मिनिटे, नंतर सात, आणि सहाव्या सायंकाळपासून बारा. दर वेळी एक गोष्ट लक्षात आली. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास चर्चमध्ये चुळबुळ होते, कोणी खोकतो, कोणी मागे वळून पाहतो, आणि चूक झाली आहे की काय अशा शंकेने वादकांची बोटे तारांकडे जातात. ते मिनिट निभावले की पुढे शांतता आपली आपण बसते. पहिल्या वेळी त्या मिनिटाला एका वादकाने घाबरून सूर धरला होता. चार मिनिटांवरच थांबलो असतो तर लोकांना फक्त अवघडलेपण मिळाले असते, शांततेची गोडी लागली नसती.

उपस्थिती त्या पहिल्या सायंकाळइतकी पुन्हा कधीच झाली नाही. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत हा मुद्दा दर वेळी निघतो आणि त्यावर लपवाछपवी करण्यासारखे काही नाही. काही तरुण सभागृहातला भाग पाहून चर्चच्या दारातून परत जातात. ते बाहेर पडताना पाहून मला वाईट वाटते, पण त्यांना आत रेटण्याचा मार्ग आम्ही एकदा चालून पाहिला आहे. दुसऱ्या बाजूला प्रायश्चित्त संस्काराची रांग आशीर्वादानंतरही संपत नाही, म्हणून फादरांनी शेजारच्या धर्मग्रामातल्या आणखी एका धर्मगुरूंना बोलवायला सुरुवात केली. बाहेरच्या पायरीवर जाऊन बसलेली ती मुलगी नव्या आराखड्याच्या तिसऱ्या सायंकाळी आली. ती कोणाशी बोलली नाही, शेवटपर्यंत बसली, आणि त्यानंतर अधूनमधून दिसते. मूकनाट्यातला तो मुलगा आता धूपदान धरतो. त्या आजी पहिल्या बाकावर असतात.

सर्व प्रश्न सुटले आहेत असे नाही. संघात आता दोन चांगले वादक आले आहेत, ज्यांची श्रद्धा अजून डळमळीत आहे. सरावाआधीच्या पंधरा मिनिटांत ते बाहेर थांबतात. त्यांना आत बसण्याची सक्ती करावी असे काहींना वाटते. माझे मत तसे नाही. त्यांनी शब्दाच्या भागात वाजवावे, आराधनेतील साथ मात्र प्रार्थना करणाऱ्यांनीच करावी, असे मी सुचवले आहे. त्यावर संघात अजून एकमत नाही, आणि त्या दोघांना यात कमीपणा वाटेल हा व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीचा आक्षेप मला खोडून काढता आलेला नाही. अम्माऊसची रचना तरी किती महिने चालवायची, हाही प्रश्न आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायातील किनाऱ्यावरच्या विस्तवाचा प्रसंग पुढच्या वर्षासाठी घ्यावा असे चित्रकाराने सुचवले असून, विस्तवाच्या उजेडातला पेत्राचा चेहरा त्याने कोळशाने रेखाटायलाही घेतला आहे.

गिटार वाजवणारा मुलगा शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात निघाला आहे. जाण्यापूर्वी त्याने सरावाची वही नव्या मुलाच्या हाती दिली. तीत प्रत्येक गीतापुढे सूर आणि ठेका लिहिला आहे, आणि आराधनेच्या पानावर, तिसऱ्या मिनिटासमोर, लाल शाईने : वाजवू नकोस.